नाव अनोळखी, इंजिन ओळखीचं

फारशा कुणाला माहीत नसलेल्या कंपनीची जुनी एसयूव्ही घ्यायचं मनात आलं की सल्ल्यांना तोटा नसतो. गंमत अशी, की त्या कंपनीची गाडी ज्यांनी कधी चालवली नाही, कधी बॉनेट उचलून पाहिलं नाही, तेच सगळ्यात ठामपणे सांगतात, "पार्ट मिळत नाहीत." पुढचं वाक्यही ठरलेलं, "विकताना कोण घेणार?" आणि तिसरं, जरा आवाज खाली आणून, "त्यापेक्षा थोडे पैसे घाल आणि नाववाली घे ना." थोडे पैसे घालायचे असते तर हा विषय मुळात निघालाच नसता. पण सल्ला देणाऱ्याच्या हिशेबात समोरच्याचा खिसा नेहमीच जरा जास्त खोल असतो.

मी घेतली. कंपनीचं नाव मात्र सांगणार नाही. पुढे तिच्याबद्दल दोन-चार कुरकुरी येतील, आणि एका गाडीवरून अख्ख्या कंपनीचं माप काढणं मला पटत नाही. एवढं सांगते, की गाडी उंच आहे, चौकोनी आहे, पेट्रोलवर चालते आणि सिग्नलला शेजारी उभा असलेला माणूस तिच्या लोगोकडे डोळे बारीक करून बघतो.

आधी पैशाचं बोलू, कारण सुरुवात तिथूनच झाली होती. तेवढंच वय, तेवढेच किलोमीटर आणि तेवढाच आकार असलेल्या दोन गाड्या शेजारी शेजारी लावल्या, तर नाववालीच्या मानाने अनोळखी गाडीची किंमत कितीतरी खाली असते. हा फरक कशाचा? काही भाग खरोखरच्या दोषांचा असतो. पत्रा पातळ असेल, वायरिंग कच्चं असेल, रबरं लवकर तडकत असतील. उरलेला भाग निव्वळ माहिती नसल्याचा. जॉर्ज अॅकरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली जुन्या गाड्यांच्या बाजाराचंच उदाहरण घेऊन हे मांडलं होतं. विकणाऱ्याला गाडीची कुंडली ठाऊक, घेणाऱ्याला नाही. म्हणून घेणारा सगळ्याच गाड्यांना सरासरी भाव देतो, आणि चांगली गाडी असलेला माणूस वैतागून बाजारातून बाहेर पडतो. पुढे २००१ मध्ये अशाच कामासाठी त्यांना इतर दोघांसोबत नोबेल मिळालं. नावाजलेल्या ब्रँडच्या बाबतीत हे अंधारात चाचपडणं थोडं कमी होतं, कारण चार मेकॅनिक, दोन शेजारी आणि एखादा चुलत भाऊ त्या गाडीबद्दल काही ना काही सांगू शकतो. अनोळखी ब्रँडच्या गाडीबद्दल सांगणारं कुणी नसतं, त्यामुळे तिथे सरासरी भावसुद्धा मिळत नाही.

मला हवा होता तो हा दुसरा भाग. दोषाचे पैसे कमी झाले असतील तर त्यात माझा काही फायदा नाही, ते दुरुस्तीत जाणारच. अज्ञानाचे पैसे कमी झाले असतील तर ते माझे, फक्त आधी बसून अभ्यास करायला हवा.

नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ शोधू नये असं आपल्याकडे म्हणतात. अनोळखी गाडीचं मात्र दोन्ही शोधावं, आणि किमतीच्या गोष्टी काढायच्या आधी शोधावं. कारण लहान कंपन्या सगळं स्वतः बनवत नाहीत, त्यांना ते परवडतच नाही. इंजिन एकाकडून, गिअरबॉक्स दुसऱ्याकडून, आणि बॉडी कधीकधी तिसऱ्याच्या जुन्या साच्यातून काढलेली. बाहेर लावलेलं नाव सगळ्यात शेवटी येतं.

दायहात्सु टेरिओसचंच बघा. ही जपानी छोटी फोर बाय फोर १९९७ मध्ये आली. तीच गाडी टोयोटाने जपानमध्ये कामी म्हणून विकली, मलेशियात ती पेरोदुआ केंबारा झाली. पुढे चीनमध्ये झोट्ये नावाच्या कंपनीच्या कारखान्यातून तोच आकार बाहेर पडू लागला आणि तिथून २००९ मध्ये भारतात प्रीमियर रिओ म्हणून आला. तिच्यात बसवलेलं डिझेल इंजिन होतं प्युजोच्या घराण्यातलं. म्हणजे जपानी बांधा, चिनी उत्पादन, फ्रेंच इंजिन आणि भारतीय नाव. रिओ बघायला गेलेल्याने नुसतं "प्रीमियरचे पार्ट मिळतात का" असं विचारलं तर उत्तर निराशाजनकच येणार. बॉडीसाठी टेरिओस आणि इंजिनासाठी प्युजो असं शोधणाऱ्याचं गणित वेगळं निघतं.

कोरियाच्या सँगयाँगची कथा याहून नाट्यमय आहे. १९९३ मध्ये त्यांनी मुसो काढली, तिच्यात मर्सिडीजच्या परवान्याने बनवलेलं डिझेल इंजिन होतं. पाच सिलिंडरचं, आवाज करणारं, पण दणकट म्हणून नावाजलेलं. त्यानंतर कंपनीचे मालक बदलतच गेले. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस देवू, २००४ मध्ये शांघायची सैक, २०११ मध्ये महिंद्रा, २०२२ मध्ये केजी समूह, आणि २०२३ पासून तर कंपनीचं नावच केजी मोबिलिटी. घर फिरलं की घराचे वासेही फिरतात, तसे शोरूम, वितरक, वॉरंटी सगळेच फिरले. इंजिनाचं कूळ तेवढं कुणाला बदलता आलं नाही. जुन्या मुसोचा मालक आजही मर्सिडीजचं काम करणाऱ्याकडे गेला, तर तो बॉनेट उघडल्यावर गोंधळत नाही.

आणि रुमानियाची डाचिया. १९९९ मध्ये रेनोने ती कंपनी घेतली, २०१० मध्ये डस्टर आली. तिच्यातलं दीड लिटरचं डिझेल रेनोत होतं, निसानमध्ये होतं आणि थोड्याफार फरकाने मर्सिडीजच्या ए-क्लासमध्येही होतं. एकाने ते इंजिन बजेट गाडीत घेतलं, दुसऱ्याने तीन टोकांच्या चांदणीखाली. त्या दुसऱ्याला कुणी पार्ट मिळण्याबद्दल सल्ला दिला असेल असं वाटत नाही.

रशियन लाडा निवा या सगळ्यांत निराळी. १९७७ पासून जवळजवळ त्याच रूपात बनते आहे. स्टेपनी थेट बॉनेटखाली, इंजिनावर आडवी ठेवलेली. तिला कुळाची गरजच नाही. इतकी वर्षं तेच नट, तेच बोल्ट बनत राहिले तर गाडी स्वतःच घराणं होते.

माझ्या गाडीचं इंजिन निघालं मित्सुबिशीच्या जुन्या चार सिलिंडरच्या कुटुंबातलं. चीनमध्ये शेनयांगला मित्सुबिशीच्या भागीदारीतला इंजिनांचा कारखाना होता, आणि एकेकाळी कितीतरी लहान-मोठ्या चिनी कंपन्या आपल्या गाड्यांसाठी तिथूनच इंजिनं घेत. हे कळल्यावर माझा जीव अर्धा भांड्यात पडला.

अर्धाच, कारण इंजिनाचं कूळ आणि गाडीचं चारित्र्य या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. २००५ मध्ये जर्मनीतल्या एडीएसी या वाहनचालकांच्या संस्थेने लँडविंड नावाच्या चिनी एसयूव्हीची टक्कर चाचणी घेतली, ताशी ६४ किलोमीटर वेगाने. दिसायला ती जुन्या ओपेल फ्रोंटेराच्या वळणाची. पण टकरीनंतर ड्रायव्हरच्या जागेचं जे झालं त्याची छायाचित्रं युरोपभर फिरली आणि चिनी गाड्यांच्या तिथल्या प्रवेशालाच खीळ बसली. आकार उसना घेता येतो, इंजिन विकत घेता येतं. पोलाद कुठलं वापरायचं, जोड किती आणि कसे मारायचे, हे ज्याचं त्याला करावं लागतं. नंतर चित्र पालटलं. २०२२ मध्ये बीवायडी अॅटो ३ आणि चेरीच्या ओमोडा ५ या चिनी गाड्यांना युरो एनकॅप या युरोपातल्या टक्कर चाचणीत पाच तारे मिळाले. याउलट डस्टरला २०११, २०१७ आणि २०२४ अशा तिन्ही पिढ्यांत तीनच तारे, आणि तरी ती धडाधड विकली जाते. म्हणून "चिनी म्हणजे कचरा" किंवा "युरोपियन म्हणजे मजबूत" असल्या ठोक विधानांचा उपयोग नाही. बघायचं ते नेमक्या मॉडेलचं, नेमक्या वर्षाचं. आणि चाचणीतल्या गाडीला सहा एअरबॅग असतील आणि समोर उभ्या असलेलीला दोनच, तर ते तारे आपले नव्हेत.

दोष सापडला म्हणून कंपनीने परत बोलावलेल्या गाड्यांच्या याद्याही याच बैठकीत चाळून घ्याव्यात. ऑस्ट्रेलियात २०१२ मध्ये ग्रेट वॉल आणि चेरीच्या सुमारे २३,००० गाड्या परत बोलावल्या गेल्या, कारण इंजिन आणि एक्झॉस्टच्या गॅस्केटमध्ये, म्हणजे जोडातल्या पट्टीत, फुफ्फुसांना घातक असं अॅस्बेस्टॉस सापडलं. गॅस्केट जागेवर असेपर्यंत प्रवाशांना धोका नव्हता, पण ती उघडणाऱ्या मेकॅनिकला होता. ही गोष्ट मला लागून राहिली. स्वस्त गाडीचा खरा धोका कधीकधी मालकाला नसून तिच्याखाली आडव्या पडलेल्या माणसाला असतो.

एवढा अभ्यास झाल्यावर प्रत्यक्ष गाडी. मालक होते एक निवृत्त काका. फोनवर मी एकच विनंती केली होती, "काका, मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका हं." गेले, बॉनेटवर हात ठेवला, तर कोमट. "जरा सावलीत काढून ठेवली," काका म्हणाले. असेलही. पण इंजिनाच्या मनातलं ओळखायचं असेल तर ते थंड असतानाच ऐकावं लागतं. टॅपेटची खडखड, बेल्टची किंकाळी, सायलेन्सरमधून पहिल्या काही सेकंदांत निघणारा निळसर धूर, हे सगळं इंजिन तापलं की सभ्यपणे गप्प बसतं. मी म्हटलं, उद्या सकाळी येते. काका जरा नाराज झाले, पण दुसऱ्या दिवशी गाडी थंडगार होती आणि पहिल्या सेल्फला सुरू झाली.

मग टायर. टायरच्या कडेला लंबगोलात चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा सांगतात आणि पुढचे दोन वर्ष. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. चारही टायर एकाच कंपनीचे आणि आसपासच्या तारखांचे असले तर मालक खर्च टाळणारा नाही. चार टायर चार जातींचे असले तर समजावं, जे फुटलं तेवढंच बदललं. हा नियम बाकी गाडीलाही बहुतेक लागू पडतो. काचांच्या कोपऱ्यातले कोडही वाचत गेले. एक काच सोडून बाकी सगळ्या एकाच वर्षाच्या होत्या. वेगळी निघाली ती मागच्या डाव्या दाराची. विचारल्यावर काका म्हणाले, "क्रिकेटचा बॉल." दाराच्या बिजागऱ्यांवरचा रंग शाबूत होता, बोल्टच्या डोक्यांवर पान्याच्या खुणा नव्हत्या, म्हणून मी बॉलवर विश्वास ठेवला.

सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघितले. पुराच्या पाण्यात बुडालेली गाडी कितीही धुतली तरी बेल्टच्या आतल्या गुंडाळीत मातीची रेघ राहून जाते. डिकीतलं कार्पेट उचलून स्टेपनीच्या खळग्यात हात फिरवला. तिथे पत्र्याला सुरकुत्या असतील तर मागून कुणीतरी ठोकलंय. ऑइलचं झाकण उघडून खालच्या बाजूला पांढरट साय, म्हणजे ऑइलात पाणी मिसळल्याची खूण, आहे का ते पाहिलं. चासी नंबर कागदावरच्या नंबराशी एकेक अक्षर लावून पाहिला. हा नंबर सतरा जागांचा असतो आणि त्यात इंग्रजी आय, ओ आणि क्यू ही अक्षरं कधीच नसतात, एक आणि शून्याशी गोंधळ नको म्हणून. इंजिन नंबर तर अनोळखी गाडीत जास्तच महत्त्वाचा. छोट्या कंपन्या त्याच मॉडेलमध्ये दर दोन-तीन वर्षांनी वेगळंच इंजिन बसवतात, आणि पार्ट मागवताना मॉडेलच्या नावाचा काडीचा उपयोग होत नाही.

माझ्याकडे एक स्वस्तातलं ओबीडी यंत्र आहे, गाडीच्या संगणकातल्या बिघाडाच्या नोंदी वाचणारं, स्टिअरिंगखालच्या सॉकेटमध्ये खोचून मोबाइलशी जोडायचं. बहुतेक लोक त्यात फक्त एरर कोड बघतात, आणि कोड नाहीत म्हणून खूश होतात. कोड पुसणं अर्ध्या मिनिटाचं काम आहे. बघायचं असतं ते दुसरंच, कोड शेवटचे पुसल्यापासून गाडी किती किलोमीटर चालली, आणि आतल्या तपासण्या पूर्ण झाल्यात की अर्धवट आहेत. काल रात्री कुणी डॅशबोर्डवरचा दिवा घालवला असेल तर तो तिथे पकडला जातो.

पण मी गाडी घेतली ती या कशामुळेही नाही. घेतली ती काकांच्या फायलीमुळे.

साधी पुठ्ठ्याची फाइल, बाजूला दोरी. आत सुरुवातीपासूनची सगळी बिलं, तारखेप्रमाणे लावलेली. सुरुवातीची अधिकृत सर्व्हिस सेंटरची, छापील, चकचकीत. मग ते सेंटर बंद झालं असावं, कारण पुढची बिलं साध्या गॅरेजांची, हाताने लिहिलेली. आणि तिथपासून समासात काकांचं बारीक अक्षर सुरू होतं. "एअर फिल्टर दुसऱ्या गाडीचा बसतो, मापं बरोबर." खाली लांबी, रुंदी, जाडी मिलिमीटरमध्ये. "थर्मोस्टॅट ८२ अंश, ८८ चा घेऊ नये, पंखा उशिरा लागतो." "पुढची ब्रेक पॅड: पुड्यावर आपल्या गाडीचं नाव नाही, नंबर बघून घ्यावी." एका बिलावर फक्त "फसवलं" आणि पुढे उद्गारचिन्ह. शेवटच्या पानावर एक तक्ता आखलेला होता, एका रकान्यात पार्ट, दुसऱ्यात कंपनीचा नंबर, तिसऱ्यात बाजारात मिळणाऱ्या पर्यायाचा नंबर.

सर्व्हिस सेंटर बंद पडल्यावर हा माणूस स्वतःच सर्व्हिस सेंटर झाला होता. नाववाल्या गाडीच्या मालकाला एवढे कष्ट करायची वेळच येत नाही. तो चावी देतो आणि संध्याकाळी गाडी परत घेतो. अनोळखी गाडी तिच्या मालकाला एक तर शहाणं करते, नाहीतर पळवून लावते. म्हणून अशी गाडी बघायला जाणाऱ्याने गाडीइतकंच मालकाला बघावं. तीन-चार महिन्यांत वैतागून विकायला काढणाऱ्याकडून घेऊ नये. दहा वर्षं टिकलेल्याकडून घ्यावी, आणि फाइल मागून घ्यावी. काकांनी फाइल दिली, वर म्हणाले, "गाडीच्या किमतीत नाही हं ही, ही अशीच देतोय." भाव करताना मी जे दोन-तीन मुद्दे राखून ठेवले होते ते यानंतर काढवले नाहीत.

फायलीतल्या एका गोष्टीनेच माझी झोप थोडी उडवली. या कुटुंबातल्या बऱ्याच इंजिनांत दोन बेल्ट असतात. एक मोठा, टायमिंगचा. दुसरा त्याच्या आड दडलेला छोटा, इंजिनाची थरथर कमी करणाऱ्या बॅलन्स शाफ्टचा. छोटा तुटला तर त्याचे तुकडे मोठ्याच्या दातांत अडकू शकतात. मग मोठा सरकतो, पिस्टन आणि व्हॉल्व्ह एकमेकांवर आदळतात आणि इंजिनाचा हिशेब तिथेच मिटतो. काकांनी मोठा बदलल्याचं बिल होतं, छोट्याचा उल्लेख नव्हता. आमच्या मेकॅनिकना दाखवलं. ते म्हणाले, "ताई, याचं बिल नसेल तर तो बदललाच नाही असं धरायचं." जुन्या गाडीच्या बाबतीत इतका सरळ नियम मी दुसरा ऐकलेला नाही.

आता मेकॅनिकबद्दल. अनोळखी गाडी घेण्याआधी मेकॅनिक पक्का करावा, गाडी नंतर. आमच्या मेकॅनिकनी पहिल्यांदा नाव ऐकून कपाळाला आठ्या घातल्या होत्या. मी इंजिनाचा नंबर वाचून दाखवला तशा आठ्या सरळ झाल्या. "मग असं सांगा ना. हे तर आपलंच इंजिन." वीस वर्षं दुसऱ्या गाड्यांत त्यांनी तेच उघडलंय. उलट, उघडायच्या आधीच "ही गाडी आम्ही घेत नाही" म्हणणारा एक भेटला होता. त्याचाही राग नाही. न शिकलेल्या गोष्टीवर हात न चालवणारा मेकॅनिक, उत्साहात हात घालणाऱ्यापेक्षा कितीतरी परवडला.

पार्ट मिळत नाहीत, या वाक्याचं उत्तर मला गाडी वापरायला लागल्यावर मिळालं. वाक्य खरंच आहे, फक्त चुकीच्या पार्टबद्दल बोललं जातं. लोकांना भीती असते इंजिनाची, गिअरबॉक्सची, ब्रेकची. पुढच्या चाकाचं बेअरिंग घूं घूं करायला लागलं तेव्हा जुनं काढून त्याच्यावर कोरलेला नंबर पुसून वाचला, दुकानात सांगितला, आणि दुकानदाराने गाडी कुठली हे विचारलंसुद्धा नाही. बेअरिंगला ब्रँड कळत नाही, त्याला आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी कळते. ऑइल सील, पट्टे, प्लग, फिल्टर, सेन्सर, सगळ्यांचं तेच. ही सगळी मंडळी मोठ्या पुरवठादारांकडून आलेली असतात आणि दहा गाड्यांत राबतात.

मग एक दिवस पार्किंगमध्ये कुणीतरी मागचा लाल दिवा फोडून गेलं.

दिवा म्हणजे काय, प्लास्टिकचं कवच आणि तीन बल्ब. बल्ब कुठेही मिळतात. कवच मात्र त्या कंपनीने त्या मॉडेलसाठीच ओतलेलं असतं, जगातल्या दुसऱ्या कुठल्याही गाडीला ते बसत नाही. वितरकाला विचारलं, त्याने "येईल" सांगितलं. कधी, हे सांगितलं नाही. आठवडे गेले, पुन्हा विचारलं, पुन्हा "येईल". तोवर फुटक्या जागेवर लाल पारदर्शक टेप लावून मी फिरत होते आणि मागून येणाऱ्यांच्या दयेवर जगत होते. शेवटी भंगारात निघालेल्या तशाच एका गाडीचा दिवा मिळाला, तोही उजव्याऐवजी डावा पाठवतात की काय या धाकधुकीत.

तेव्हा कळलं की इंजिन जगाचं असतं, काच आणि प्लास्टिक कंपनीचं. बाजार याच्या बरोबर उलट बघतो. घेणारा इंजिनाला कान लावून दहा मिनिटं उभा राहतो आणि हेडलाइटला गेलेल्या चिरेकडे "चालतंय" म्हणून दुर्लक्ष करतो. अनोळखी गाडीत चिरलेला हेडलाइट, तडा गेलेली पुढची काच, तुटलेलं दाराचं हँडल किंवा लटकणारा बंपर दिसला तर मी तिथल्या तिथे विचारेन, "हे आणून देता का? मग पुढचं बोलू." मालकाला आणता आलं तर पार्ट मिळतात हे सिद्ध झालं. नाही आणता आलं तर तेही सिद्ध झालं. तो दिवा मिळाला त्याच ठिकाणाहून मी दुसऱ्या बाजूचाही घेऊन ठेवलाय. घरच्यांना वाटतं ही अडगळ आहे. वाटू दे.

कंपनीच गाशा गुंडाळून गेली तर? जातात, चांगल्या चांगल्या जातात. दायहात्सु २०१३ मध्ये युरोपातून गेली. शेवरले २०१५ च्या अखेरीस तिथून बाहेर पडली, आणि ते काही अनोळखी नाव नव्हतं. स्वीडनची साब तर २०११ च्या डिसेंबरात दिवाळखोरीत निघाली. पण साबचा पार्टचा व्यवसाय पुढे ओरियो नावाच्या सरकारी मालकीच्या कंपनीने चालू ठेवला. गेलेल्या कंपनीमागे पार्टचं गोदाम कोण सांभाळतंय, हा प्रश्न ब्रँडच्या नावापेक्षा जास्त कामाचा आहे.

नव्या जमान्यातल्या, पडद्यांनी भरलेल्या गाड्यांबद्दल मात्र माझा हात आखडता आहे. २०२४ च्या जूनमध्ये अमेरिकेतली फिस्कर दिवाळखोरीत गेली. तिची ओशन ही विजेवरची एसयूव्ही घेतलेल्या लोकांपुढे प्रश्न बेअरिंगचा नव्हता, सॉफ्टवेअरचा होता. गाडीला अपडेट कोण देणार, सर्व्हर कोण चालू ठेवणार? मालकांनी एकत्र येऊन संघटना काढली आणि स्वतःच मार्ग शोधायला लागले. त्यांच्या जिद्दीला सलाम, पण काकांच्या फायलीच्या समासात सर्व्हरचा पर्यायी नंबर लिहिता येत नाही. अनोळखी ब्रँडची जुनी गाडी घ्यायचीच असेल तर माझं मत सरळ आहे. जितका पडदा लहान तितकी गाडी बरी. स्वस्त ड्युअल क्लचपेक्षा साधा हाताचा गिअरबॉक्स बरा. इलेक्ट्रिक पार्किंग ब्रेकपेक्षा ओढायचा बरा. सनरूफ असेल तर तिच्या पाणी वाहून नेणाऱ्या नळ्या आधी बघा, आणि नसेल तर आनंद माना.

राहिला प्रश्न, विकताना कोण घेणार. बहुतेक कुणी नाही. पण गाडीची किंमत जेवढी कोसळायची तेवढी काकांच्या हातात कोसळून झाली होती. माझ्या हातात ती फार तर घरंगळेल. नाववाली जुनी गाडी घेतली असती तर विकताना बरे पैसे आले असते हे खरं, पण ते घेतानाच मोजून दिलेले असते. माझा बेत विकायचा नाहीच. वापरायची, आणि वापरून संपवायची. मध्येच कुणी आलंच, तर फाइल आहे. समासात आता दोन अक्षरं दिसतात, काकांचं बारीक आणि माझं गिचमिड.

सध्याची नोंद बेल्टची आहे. मोठा, छोटा, दोन्हींचे टेन्शनर आणि सील असा संच मागवला होता, तो आला. खोक्यावर ज्या गाड्यांना बसतो त्यांची यादी छापलीय. माझीचं नाव त्यात नाही, इंजिनाचा नंबर आहे. मेकॅनिकनी संच उलटापालटा करून बघितला, मान डोलावली आणि म्हणाले, "वॉटर पंप पण मागवा ताई. एवढं उघडतोच आहोत तर तोही टाकून घेऊ, परत कशाला खोलायचं?"